मुक्काम पोस्ट डिकी

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या मराठी मंडळींत त्यांना खरं आडनाव आता उरलेलं नाही. सगळे मुक्कामकर म्हणतात, आणि ते ओ देतात. गणपतीच्या आरतीला भेटोत की वेलॉसिटी मॉलच्या सरकत्या जिन्यावर, पाचव्या मिनिटाला गाडीचा विषय निघतो आणि दहाव्या मिनिटाला त्यांनी तुम्हाला मनातल्या मनात तिच्या डिकीत आडवं केलेलं असतं. "तुमची उंची किती हो? पाच-सात? अहो, मग तुम्ही सरळ मावाल. मला तिरकं व्हावं लागतं."

गाडी म्हणजे होंडा व्हेझेल, या बेटावर जिथे तिथे दिसणारी छोटी एसयूव्ही. सिंगापुरात गाडी घेण्याआधी गाडी बाळगण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. १९९० पासूनची ही पद्धत. महिन्यातून दोनदा लिलाव होतो आणि मिळालेला हक्क दहा वर्षं टिकतो. त्या कागदाला सीओई म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये छोट्या गाड्यांच्या गटातसुद्धा तो १,०६,००० डॉलरवर गेला होता. मुक्कामकरांनी घेतला तेव्हा लाखाच्या घरात होता. गाडीचे पैसे वेगळे, कर वेगळे, आणि वहिनींशी झालेलं बोलणं वेगळं.

बरं, एवढी महागाची गाडी घेऊन हा माणूस ऑफिसला जातो एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने. नोव्हेना स्टेशनवर चढायचं, सहाव्या स्टेशनला रॅफल्स प्लेसला उतरायचं. गाडीने गेलं तर वाटेतल्या कमानी टोल कापणार आणि शहरातलं पार्किंग उरलेलं सगळं कापणार. त्यामुळे गाडी आठवडाभर तळघरात उभी. त्या उभ्या गाडीकडे बघता बघता एका रात्री मुक्कामकरांनी भागाकार केला. लाख भागिले तीन हजार सहाशे पन्नास. दिवसाला सत्तावीस डॉलर, तासाला एक डॉलर चौदा सेंट.

"म्हणजे बघा," ते अगदी हळू आवाजात सांगतात, "आपण वर पलंगावर झोपलेलो असतो आणि खाली मीटर चालूच! आठ तासांचे नऊ डॉलर! मग ते नऊ डॉलर झोपून का वसूल करू नयेत?"

या हिशेबात चूक काढता येत नाही. मी प्रयत्न केलाय. चिंचवडच्या माणसाने एकदा भागाकार केला की त्यापुढे काही चालत नाही.

मुक्कामकरांचा दुसरा मुद्दा भावनेचा. कॉलेजात असताना ते दर पावसाळ्यात सह्याद्रीत असायचे. पाचाडला शाळेच्या पडवीत, कुठल्या कुठल्या देवळांत, महाडच्या एसटी स्टँडवर बाकाखाली सॅक डोक्याशी घेऊन झोपलेले. इथे सर्वांत उंच डोंगर बुकित तिमाह, उंची १६३ मीटर, आणि माथ्यापर्यंत डांबरी रस्ता. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचा तर आधी परवाना काढा. "परवाना काढून कुणी भटकतं का?" असं म्हणून मुक्कामकर तळघरात जातात.

अंथरूण घालण्याचा सोहळा मी स्वतः पाहिलेला आहे. आधी मागच्या सीट आडव्या. मग पुढची डावी सीट पूर्ण पुढे. आता सीट आणि डिकी यांच्यामध्ये जो खळगा राहतो तो कंपनीच्या माहितीपत्रकात दिसत नाही, पाठीला मात्र बरोबर सापडतो. त्यात एक घडी केलेली सतरंजी, त्यावर आणखी एक अर्धी घडी, कारण जमीन डोक्याकडे उतरती आहे. खिशातून गोटी काढून ते ती मधोमध ठेवतात. गोटी घरंगळली की घडी बदलायची. मग फुगवायची गादी. ती पायाच्या पंपाने फुगेपर्यंत माणूस घामाने निथळतो आणि अंघोळीला वर जातो. काचांना चंदेरी पडदे. दारांना मच्छरदाणी, वहिनींच्या दिवाणखान्यातल्या जुन्या पडद्याची, कडेला फ्रिजवरची लोहचुंबकं शिवलेली. त्यातल्या एकावर अजून 'गोवा' असं लिहिलेलं आहे.

मच्छरदाणी हवीच, कारण डेंग्यूचे इशारे देणारे फलक या भागातही लागतात. आणि काचा उघड्या हव्यातच, कारण उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवलं तर इथे दंड आहे. बंद तळघरात ते चालू ठेवलं तर दंड भरायला माणूस उरेलच असं नाही. इंजिन बंद म्हणजे एसी बंद. आणि विषुववृत्त दीडशे किलोमीटरवर. पहाटे तीन वाजताही पारा पंचविसाच्या खाली जायला राजी नसतो. मुक्कामकरांकडे यावर गळ्यात अडकवायचा बॅटरीवरचा पंखा आहे. तो हनुवटीला छान वारा घालतो.

पहिल्या मुक्कामाला सोसायटीचे सिक्युरिटी अंकल गस्त घालत आले. सत्तरीचा चिनी गृहस्थ, हातात टॉर्च. काचेवर टकटक करून आत उजेड टाकला तर मच्छरदाणीमागे बनियनवर एक माणूस, गळ्यात पंखा.

"सर, यू ओके नॉट?"

"ओके अंकल. जस्ट स्लीपिंग."

अंकलनी टॉर्च विझवली. थोडं थांबले. मग अत्यंत हलक्या आवाजात विचारलं, "वाइफ अँग्री आह?"

मुक्कामकरांनी भागाकार समजावून सांगितला. अंकलनी तो सहानुभूतीने ऐकला. पहाटे ड्यूटी संपताना ते दोरीच्या प्लास्टिक पिशवीतली गरम कोपी आरशाला अडकवून गेले. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत झालं की चौथ्या मजल्यावरच्या बाईने नवऱ्याला बाहेर काढलंय. लिफ्टमध्ये एका आंटीने वहिनींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "गुड. लेट हिम लर्न." वहिनी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात कामं करतात, पण इतकी दाद त्यांना कधी मिळालेली नव्हती.

एकदा त्यांनी जागा बदलून पाहिली. नोव्हेना म्हणजे दवाखान्यांचं गाव. टॅन टॉक सेंग हॉस्पिटल १९०९ पासून इथे मोलमीन रोडवर आहे आणि त्याच्या आसपास डॉक्टरांच्या इमारतींची रांग उभी आहे. तिथल्या एका पार्किंगमध्ये मुक्कामकर सीट मागे टाकून पडले, तर येणारे-जाणारे काचेतून बघून आवाज लहान करायचे. एकाने 'पेशंट कोणत्या वॉर्डात?' असंही विचारलं. शेवटी संकोच वाटून ते घरी आले.

खरी मोहीम निघाली ती मलेशियाला, देसारूच्या किनाऱ्यावर. लाटांच्या आवाजात, गाडीतच रात्र काढायची. सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार. सीमा ओलांडताना सिंगापूरच्या गाडीची टाकी निदान पाऊण भरलेली लागते, कारण पलीकडे पेट्रोल स्वस्त आणि माणसाचा भरवसा नाही. मुक्कामकरांनी काठोकाठ भरली. मागे गादी आधीच फुगवलेली, म्हणून मुलगी पुढे आईच्या शेजारी. आणि हे? ऑफिसातून थकून आलेले. वुडलँड्सच्या सीमानाक्याच्या अलीकडे रांगेत गाडी थबकली तसे म्हणाले, "मी जरा पाठ टेकतो."

"अहो, पट्टा न लावता? चालत्या गाडीत?"

"चालतेय कुठे?"

यालाही उत्तर नव्हतं. सिंगापूरला मलेशियातल्या जोहोरशी जोडणारा बांध १९२४ पासूनचा, लांबीला जेमतेम किलोमीटरभर, पण सुट्टीच्या दिवशी त्याच्या तोंडाशी पोचायलाच तास न् तास जातात. एसी चालू होता. इंजिन कायदेशीरपणे चालू होतं. आयुष्यात प्रथमच मुक्कामकर स्वतःच्या गाडीत गाढ झोपले.

२०२४ पासून वुडलँड्सच्या नाक्यावर पासपोर्टऐवजी क्यूआर कोड चालतो. सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच. वहिनींनी फोन पुढे धरला. अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मग गाडीत पाहिलं. कोड तिघांचा, दिसताहेत दोघी.

"थर्ड पर्सन?"

मुलीने फोनमधून मान वर न करता सांगितलं, "इन द बूट."

डिकीत माणूस आहे हे वाक्य सीमेवर सहज बोलायचं नसतं. दोन अधिकारी आले, मागचं दार वर गेलं. चादर, पंखा, घोरणं. एकाने टॉर्च टाकून म्हटलं, "सर?"

मुक्कामकर डोळे न उघडता पुटपुटले, "नो, नो, अंकल. वाइफ नॉट अँग्री."

"नाऊ शी इज," वहिनी पुढून म्हणाल्या.

सीट उभ्या कराव्या लागल्या, पट्टा लावावा लागला. गादीची हवा काढायला वेळ नव्हता, म्हणून ती देसारूपर्यंत मुक्कामकरांच्या मांडीवर उभी राहून आली. पोचल्यावर वहिनींनी समुद्राकडे न बघता थेट हॉटेलचा काउंटर गाठला. ते भाडं तासाला किती पडलं, हे मुक्कामकरांनी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.