निरंक नोंदवहीचे माहात्म्य

औद्योगिक सुरक्षाशास्त्रात ‘निअर मिस’ ही संज्ञा अशा घटनेस लावली जाते, जिच्यात कोणास इजा झाली नाही आणि मालाचेही नुकसान झाले नाही, परंतु वीतभर अंतराचा किंवा क्षणभराचा फरक पडता तर दोन्ही झाले असते. आपल्याकडील अनेक कारखान्यांत अशा घटनेची चौकशी ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या एका वाक्यात आटोपते, आणि कारणमीमांसा नियतीवर सोपवून शिफ्ट पुढे चालू राहते.

अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले, की एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि इजेविना निभावलेल्या ३०० घटना असतात. या आकड्यांच्या आधाराविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या, तरी निभावलेली घटना ही पुढील अपघाताची फुकट मिळालेली सूचना असते, हे तत्त्व टिकून राहिले. ते अंगीकारताना व्यवस्थापनशास्त्रात दोन संप्रदाय निर्माण झाले.

पहिला संप्रदाय निरंकवाद्यांचा होय. फाटकावरील फलकात अपघातविरहित दिवसांचा आकडा वाढत ठेवणे हे त्यांचे व्रत असून, आकडा न मोडणाऱ्या विभागास बक्षीस आणि मोडणाऱ्यास मेमो अशी फलश्रुती ठरलेली असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामापासून दूर ठेवणारी इजा कळवणे बंधनकारक केले, तेव्हा या तरतुदीचे सूक्ष्म परिशीलन होऊन पायाला प्लास्टर घातलेल्या कामगारास दुसऱ्याच दिवशी गाडीने आणून टाइम ऑफिसातील खुर्चीवर हजर करण्याची पद्धत विकसित झाली. जेथे मोडलेला पायही कागदावर चढत नाही, तेथे डोक्याजवळून गेलेला पाना नोंदवहीत उतरेल, ही अपेक्षा अर्थातच अशास्त्रीय ठरते.

दुसरा संप्रदाय कोटावाद्यांचा असून, प्रत्येक कामगाराने दरमहा दोन निअर मिस दिलेच पाहिजेत, असा त्याचा दंडक आहे. परिणामी महिनाअखेरीस जमिनीवर तेल सांडल्याचे आणि लगेच पुसल्याचे अहवाल ढिगाने जमतात, तर क्रेनची झिजलेली स्लिंग, म्हणजे वजन उचलण्याचा पट्टा किंवा दोर, कोणत्याही कार्डावर आढळत नाही. कारण ती लिहिणाऱ्यास ‘मग ती वापरलीस का?’ हा प्रश्न विचारला जातो आणि कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’, उपायाच्या रकान्यात ‘समज दिली’ असे लिहून प्रकरण बंद होते.

निभावलेल्या घटनेची माहिती दडू देऊ नये, हा धडा विमानवाहतूक क्षेत्राने महाग किमतीला घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान वॉशिंग्टनजवळ उतरण्यापूर्वी व्हर्जिनियातील डोंगरावर आदळून त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी सुमारे सहा आठवडे युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच मार्गावर तशाच अपघातातून थोडक्यात वाचले होते, परंतु तो इशारा त्या कंपनीच्या वैमानिकांपलीकडे पोहोचला नव्हता. त्यानंतर १९७६ साली अशी व्यवस्था उभी राहिली, की वैमानिकाने आपली अनवधानाने झालेली चूक दंड करणाऱ्या खात्याकडे न कळवता नासाकडे कळवावी, नासाने त्याचे नाव काढून टाकून माहिती सर्वांना द्यावी, आणि दहा दिवसांत कळवणाऱ्यास सामान्यतः दंड होऊ नये.

आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या १९६६ मधील स्थापनेचा दिवस म्हणून ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह साजरा होतो, त्यात शपथ घेतली जाते, छातीवर बिल्ले लागतात आणि घोषवाक्यांची स्पर्धा रंगते. धोका कळवणाऱ्याच्या अर्जास मेमोऐवजी नव्या स्लिंगचे बिल जोडले गेले, तर नोंदवही महिनाभरात बोलू लागेल, यात संशय नाही. परंतु स्लिंगला पैसे पडतात आणि घोषवाक्ये कामगार घरून लिहून आणतात, हा हिशेब व्यवस्थापनशास्त्रास पूर्वीपासूनच अवगत आहे.