शंभरच्या आत

आमच्याकडे वीजबिल आलं की दारातच आधी युनिट वाचले जातात, रक्कम मागाहून. घरगुती विजेचे टप्पे शंभरावर, तीनशेवर आणि पाचशेवर बदलतात. शंभर ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी ‘शंभरच्या आत’ हे जीवितकार्य मानलं आहे. पूर्वी नव्वदच्या वर मार्क हवेत म्हणून मुलाच्या मागे लागायचे, आता शंभरच्या खाली युनिट हवेत म्हणून माझ्या.

पहिलं हत्यार आलं ते वॅटमीटर. बोर्डाच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा, त्यात आपल्या वस्तूचा प्लग, की चिमुकल्या पडद्यावर आकडे नाचू लागतात. मिक्सर झाला, इस्त्री झाली, टीव्ही झाला. शेवटी सापडला सेट टॉप बॉक्स. रिमोटने बंद करून ठेवलेला, तरी बसल्या जागी दहा वॅट गिळत होता.

“दहा वॅट म्हणजे असं काय मोठंसं, अहो?” मी विचारलं.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गुणाकार झाला. दहा वॅट, चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस : ८७.६ युनिट.

“म्हणजे वर्षातला एक अख्खा महिना आपण बंद टीव्ही बघतो!”

गणित बिनचूक होतं, हीच तर पंचाईत. तेव्हापासून बॉक्सचं भिंतीवरचं बटणच बंद होतं. परत चालू केलं की तो जागा व्हायला इतका वेळ घेतो, की तोवर मालिकेतल्या सासूने अर्धा डाव टाकलेला असतो. आमच्या सासूबाईंना हे अजिबात सोसत नाही.

मग आला सूर्य. कुरिअरचं मोठं खोकं, त्याच्या आत लहान खोकं, मधल्या फटीत जुन्या उशीचा कापूस. आतून शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग. वर काच हवी होती, म्हणून आजेसासरे फ्रेममधून निघून टेबलाच्या खणात गेले. झाकणाला कपाटाचा आरसा. झाला सोलर कुकर.

“१७६७ साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने काचेच्या पेटीत पाणी उकळण्याइतकी उष्णता कोंडून दाखवली होती,” हे गच्चीवर आम्हाला उभं करून सांगत होते. “आणि शिर्डीत २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसवून उन्हाच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक सुरू केला!”

“अरे, त्या स्विस माणसाची बायको कुठल्या वेळेला जेवली, तेवढं सांग,” सासूबाई म्हणाल्या. तशीही त्यांना गच्चीवरच्या उन्हाची नवलाई नाही. कुरडया, सांडगे, पापड, वर्षाच्या मिरच्या हे सगळं त्यांनी उन्हाकडूनच करून घेतलेलं. ह्यांच्या खोक्याने कुरडयांची जागा अडवली, ही त्यांची खरी तक्रार.

खिचडी मात्र झाली. काळ्या डब्यात धुतलेले डाळ-तांदूळ, बेताचं पाणी आणि हळद-मीठ घालून दहाला ठेवली, एकला उतरवली. एप्रिलचं ऊन होतं. तळाला लागली नाही, शीत न् शीत मोकळं. मी मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली. फक्त ऊन सरकेल तसा कुकर फिरवावा लागतो, आणि तो फिरवायला हे दर वेळी लिफ्टने वर जात होते. लिफ्टचं बिल सोसायटीच्या मीटरवर पडतं, ते शंभरात धरत नाहीत. आरशाचा कवडसा समोरच्या इमारतीतल्या काकूंच्या ओट्यावर पडतो, हे फोन आल्यावर कळलं.

गच्चीवर खरे सोलर पॅनेल बसवायचा ठरावही ह्यांनी सोसायटीच्या सभेत मांडला. एका घराच्या तीन किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान, पुण्यात पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण अठरा अंश, सगळं पाठ. सभेने कबुतरांवर सविस्तर चर्चा केली आणि चहा घेतला.

पाणी तापवायचा सोलर बंब मात्र इमारतीवर पहिल्यापासून आहे. त्याचं गरम पाणी वरच्या मजल्यांना लगेच मिळतं. आम्ही पहिल्या मजल्यावर. आमच्या नळाला ते येतं तेव्हा आधी पाइपातलं सगळं गार पाणी येऊन जातं. ते वाया कसं घालवायचं? म्हणून न्हाणीघरात बादल्यांची रांग, आणि आंघोळीला उभं राहायला जी जागा उरते तिच्यात आम्ही.

पुढची टूम बायोगॅसची. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने आनंद कर्वे यांच्या कल्पनेतून शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र केलं. त्याला २००६ साली लंडनचं अ‍ॅश्डेन पारितोषिकही मिळालं. प्लॅस्टिकची एक टाकी, तिच्यात दुसरी पालथी. बाल्कनीचं माप घेऊन झालं होतं. अडलं ते खरकट्यावर. सासूबाईंच्या राज्यात कालचा भात फोडणीत जातो आणि उरलेली आमटी थालीपिठात. टाकीला घालायचं काय?

खरं सांगायचं, तर घरातली ऊर्जाबचत ह्या बाई रॉकेलच्या रांगांपासून करत आल्या आहेत. डाळ भिजवल्याशिवाय चुलीवर चढत नाही. झाकणाविना काही उकळत नाही. भाताला दणकून उकळी आली की गॅस बंद, आणि पातेलं झाकणासकट गोधडीत. आतल्या आत तो फुलतो. ह्यांनी एकदा गोधडी उचलून बघितली आणि भारावून म्हणाले, “आई, हे तर थर्मल इन्सुलेशन!” त्या म्हणाल्या, “झाक आधी. वाफ जातेय.”

बिल मात्र उतरलं ते भलत्याच गोष्टीने. दिवाणखान्यातल्या पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे डबा होता, टपोरा, पिवळा पडलेला. पंखा एकवर ठेवला की त्याच्यावर हात धरवत नसे. विजेचा बराच वाटा पंख्याला न जाता त्या डब्यातल्या वेटोळ्यात जळत होता. पंखा हळू फिरतोय म्हणजे वीज वाचतेय, असं समजून आम्ही वर्षानुवर्षं भिंत तापवली. शेवटी डबा काढला, कमी विजेवर फिरणारा बीएलडीसी पंखा लावला. जुना पंच्याहत्तर वॅटचा, हा तिसाचा; पूर्ण वेगाने दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. ह्यात ना ऊन लागतं, ना काळा रंग, ना ठराव. म्हणूनच ह्यांना त्याचं काही कौतुक नाही. पाहुण्यांना ते गच्चीवर नेतात, पंख्याखाली कुणाला बसवत नाहीत.

तुमच्या भिंतीवर तसला डबा असेल तर आजच हात लावून बघा, आणि तापलेला लागला तर इलेक्ट्रिशियनला फोन करा. सोलर कुकर हवा असेल तर आमचा घेऊन जा. आजेसासरे तेवढे परत फ्रेममध्ये घालायचे आहेत, तेव्हा काच आम्ही ठेवून घेऊ.