पाटीवर न मावलेले अध्यक्ष

तालुक्याच्या वकील संघाला वेबसाइट का हवी असते, याचं खरं उत्तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ मध्ये दडलेलं आहे. वकिलाने जाहिरात करायची नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्याच नियमात पाटीबद्दल जे लिहिलंय, ते वाचून आम्हा वकिलांच्या काळजाला घरं पडतात. पाटी बेताचीच हवी आणि आपण अमुक संघाचे अध्यक्ष आहोत किंवा होतो, हे तिच्यावर लिहायचं नाही. सरपंच गाडीच्या काचेवर 'माजी' मिरवतो, सोसायटीचा चेअरमन लेटरहेड छापतो आणि फेरमोजणीत निवडून आलेला आमचा अध्यक्ष दारावर नुसता 'ॲड.'! २००८ च्या दुरुस्तीने वकिलाला स्वतःची वेबसाइट काढता येऊ लागली, पण तिच्यावरही नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकीच माहिती. तेव्हा संघाची वेबसाइट म्हणजे पाटीवर न मावलेल्या अध्यक्षांची सोय, असं माझं अनुमान आहे. पुरावा पहिल्याच पानावर सापडतो: कार्यकारिणीचे फोटो. अध्यक्षांचा मोठा, उपाध्यक्षांचा जरा लहान, सहसचिवांचा स्टॅम्पाएवढा. पण मोबाइलवर उघडलं की सगळे फोटो एकाखाली एक, सारख्याच रुंदीचे. खजिनदार थेट अध्यक्षांएवढे! मग 'साइट बिघडली' अशी तक्रार येते. मी हसतोय खरा, पण माझाही कोट-बँडमधला फोटो तयार आहे, आणि बँड इस्त्रीचा आहे.

खरं तर ही साइट पक्षकाराच्याही कामी यायला हवी. कुणी म्हणेल, त्याची सोय ई-कोर्टने केलीच आहे. खटल्याचा सोळा अक्षरं-आकड्यांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. दिसते, पण त्या तारखेला वकील उभे राहणार की नाही, ते दिसत नाही. हरीश उप्पल खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वकिलांना संपाचा हक्क नाही. म्हणून आम्ही संप करत नाही, 'कामकाजापासून अलिप्त' राहतो. पोटगीच्या तारखेसाठी मजुरी बुडवून पहिल्या एसटीने आलेली बाई दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहते आणि अलिप्त राहण्याच्या ठरावाचा कागद बार रूममध्ये, आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. म्हणजे ज्यांनी ठराव केला, त्यांनाच वाचता यावा असा. इथे विनोद सुचत नाही.

'व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!' आहे, पण त्यात आपणच आहोत आणि तो ठराव वाढदिवसाच्या केकांखाली गाडला गेलाय. 'ती बाई कुठे वेबसाइट बघणार?' तिच्या मुलाच्या हातात फोन आहे. एक ओळ वाचायला त्याला वकीलपत्र लागत नाही.

तेव्हा नव्या कार्यकारिणीला विनंती: पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, 'उद्या काम चालणार' किंवा 'उद्या चालणार नाही' एवढंच लिहा आणि आदल्या संध्याकाळी लिहा. अध्यक्षांचा फोटो त्याखाली घ्या. काढू मात्र नका, नाहीतर हा ठराव मंजूर होणार नाही.