कार्ब्युरेटरला सोडचिठ्ठी

अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या जोडीने 2001च्या सुमारास ‘मेगास्क्वर्ट’ हा कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोलचं इंजेक्शन सांभाळणारा, घरी जोडायचा कंट्रोलर आणला, आणि हौशी गॅरेजवाल्यांच्या हातात पान्याऐवजी सोल्डरिंग आयर्न आलं.

बोर्ड जोडणं त्यातल्या त्यात सोपं. खरी गंमत पुढे.

कोणत्या आरपीएमला, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या किती दाबाला किती पेट्रोल, हा तक्ता मालकानेच भरायचा. एक ग्रॅम पेट्रोलला 14.7 ग्रॅम हवा, हे पुस्तकात ठीक. सकाळी गारठलेलं इंजिन पुस्तक वाचत नाही, ते जास्तच पेट्रोल मागतं. मग एकाने गाडी हाकायची आणि शेजारच्याने मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे खालीवर करायचे.

कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की भागायचं. आताही गाडी भररस्त्यात बंद पडतेच, फक्त ग्राफसकट.