दादा आणि एफ५

आमचा दादा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाला. तीन प्रती काढायची सवय मात्र अजून सेवेत आहे. पूर्वी ती कार्बन पेपरवर भागायची. आता दादाच्या हाती टोटल कमांडर लागलाय.

हा फाइल मॅनेजर पडद्याचे दोन उभे भाग करतो. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. एफ५ दाबलं की फाइलची पलीकडे कॉपी होते, एफ६ दाबलं की फाइल मुक्काम हलवते आणि एफ८ दाबलं की तिचा निकाल लागतो. ही चाल मूळची नॉर्टन कमांडरची. जॉन सोचाने लिहिलेला तो प्रोग्राम १९८६ साली डॉसवर आला. निळा पडदा, दोन चौकटी. माउस नसला तरी अडत नसे. पुढे स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियान गिस्लरने १९९३ मध्ये तोच घाट विंडोजवर आणला. त्याचा टोटल कमांडर पैसे न भरता वापरलात, तर सुरू होताना अमुक नंबरचं बटण दाबा म्हणतो. दादा रोज आंघोळ उरकून ते बटण दाबतो. पैशांचा विषय काढला की म्हणतो, “अरे, तो सांगतो तेच दाबतो ना मी? कधी चुकीचं दाबलंय?”

दादा एफ५वाला, वहिनी एफ६वाली. तिच्या हाताखालची वस्तू काल होती तिथे आज नसते. ती म्हणते, एका ड्राइव्हमध्ये फाइल हलवायला वेळच लागत नाही. खरंच आहे. फाइल जागची हलतही नाही, फक्त डिस्कवरच्या नोंदीत तिचा पत्ता बदलतो. दादाचा संशय नेमका तिथेच. “चार जीबीची फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली? म्हणजे गेलीच ती!” इतक्या झटपट पार पडलेलं काम त्याने उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही. कॉपीचं तसं नसतं. एकेक बाइट नव्याने लिहावा लागतो, हिरवी पट्टी रेंगाळत पुढे सरकते, टक्के चढतात. दादा समोर चहा घेऊन बसतो. काम चाललंय, असं दिसतं तरी.

त्याच्या डी ड्राइव्हवर ‘फोटो’, ‘फोटो नवीन’, ‘फोटो सगळे’ आणि ‘फोटो सगळे (खरे)’ असे चार फोल्डर आहेत. चारही उघडले. चौघांत चुलतभावाच्या मुंजीचा तोच फोटो: अर्ध्या चौकटीत वाढप्याची पाठ, कोपऱ्यात जिलब्यांचं ताट, बटू गायब.

“अहो, यातले तीन तरी उडवा,” वहिनी म्हणाली.

“असू दे गं. लागेल कधीतरी.”

“कुणाला? त्या वाढप्याला?”

परवा डिस्क तुडुंब भरली. टोटल कमांडरच्या शोधात एकसारख्या फाइली हुडकायची सोय आहे. ती मी दादाला दाखवली. भलीमोठी यादी आली. दादाने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ वाचत वहीत बरोबरच्या खुणा केल्या. दुपारचं जेवणसुद्धा पुढे ढकललं. शेवटची खूण झाल्यावर वही मिटून समाधानाने म्हणाला, “वा! एकही गहाळ नाही.”