बिननंबरी गाडीची कुंडली

"काकू, कोपऱ्यावरच्यांची नवी विजेवरची गाडी पाहिलीत का?" वहिनींनी ओली चादर झटकत भिंतीपलीकडून विषय काढला.

"पाहिली कसली, काल अंगावरच आली असती! मी दळण घेऊन येतेय, तर मागून ना आवाज ना हॉर्न. सुर्रकन गेलं ते दहावीतलं पोरगं."

"बिनलायसनची आहे म्हणे. आरटीओ नको, नंबर नको, विमा नको. हळदीकुंकवाला कौतुकानं सांगत होत्या त्या."

"दुकानदार अर्धंच सांगतो, वहिनी. सवलत आहे, खोटं नाही. पण ती विजेला नाही, मरतुकड्या गाडीला आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. एवढं जुळलं आणि चाचणी संस्थेनं पास केली, तरच कायदा तिला मोटार वाहन म्हणत नाही. १९८९च्या केंद्रीय नियमांत तशी व्याख्याच आहे."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"आमचे हे आरटीओतून रिटायर झालेत ना! जेवताना दुसरा विषय असतो का?"

"मग त्यांची बसत असेल की त्यात."

"आणली तेव्हा बसत असेल. परवा फाटक उघडं होतं. पोरगा सीट उचलून मित्राला दाखवत होता. खाली तो कंट्रोलरचा डबा, त्यातून वायरींचा झुबका, आणि एका पांढऱ्या वायरीची जोडणी सुटी करून वर काळी पट्टी मारलेली. 'ही काढली की पंचेचाळीसला पळते,' म्हणे."

"अगबाई! घरी माहीत आहे?"

"वडिलांनीच गॅरेजवाल्याकडून करून घेतलंय. चढावर दम टाकत होती म्हणून."

वहिनींनी चादर तशीच खांद्यावर टाकली. आता कपडे वाळत घालण्यात कुणाला रस होता!

"म्हणजे आता ती मोटार वाहन झाली," मी म्हटलं. "तीही बिननोंदणीची, बिनविम्याची, वर चालवणारा बिनलायसनचा. २०२२मध्ये असल्या फेरफार केलेल्या गाड्यांमागे आरटीओवाले राज्यभर लागले होते. लायसन नसल्याचा दंड ५,००० रुपये, तो भरतील एक वेळ. पण पोरगं अठराच्या आतलं. २०१९च्या दुरुस्तीत कलम १९९ अ आलं, त्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही ते वेगळंच."

"आम्हाला ठाऊकच नव्हतं म्हणतील."

"ते त्यांनीच शाबीत करायचं. गॅरेजवाल्याला पैसे देऊन? आणि कुणाला उडवलं तर भरपाई घरातून. विमा कंपनी काही दारात उभी राहणार नाही."

"पण बँकेतल्या त्या पोरीची आहे की, हिरव्या पाटीची."

"ती रीतसर आहे. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. भाड्याची असती तर अक्षरं पिवळी. लायसन, हेल्मेट, विमा सगळं पेट्रोलच्या गाडीसारखंच. नोंदणीची फी तेवढी २०२१पासून माफ आहे."

"आणि माझ्या भाच्याची पेडलवाली?"

"ती सायकलच. पाय मारले तर मोटर मदत करते, पाय थांबले की तीही थांबते. वेग पंचवीसला पोचला की आपोआप बंद. मला विचाराल तर नियमही जरा भोळाच आहे हो. या छोट्या गाड्यांना हेल्मेटची सक्ती नाही, वयाची अट नाही. पंचवीसच्या वेगानं आपटलं तर डोकं काय फुटत नाही?"

"मग सांगा ना तुम्ही त्यांना."

"मी? मागे त्यांच्या गच्चीतल्या पाण्याचं बोलले, तर दिवाळीचं ताट यायचं बंद झालं. ह्यांना पाठवते संध्याकाळी, त्यांना हौस आहे. पण तुमचे जावई घेणार आहेत ना अशीच? त्यांना सांगून ठेवा. दुकानात आधी चाचणीचं प्रमाणपत्र मागायचं, आपल्या पुण्याच्या एआरएआयचं किंवा तसल्या मान्य संस्थेचं. कागदावरचं मॉडेल आणि समोरची गाडी एकच आहे का, ते पडताळायचं. 'चालतं हो, कोण विचारतंय' असं उत्तर आलं, तर चहाचा कप तसाच ठेवून उठायचं."