एका तांबड्या थेंबाची मीमांसा

मोटारगाडीची चाके माणसाने स्वतःच्या मनगटाने वळवावीत की ते कष्ट तेलावर सोपवावेत, हा प्रश्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उपस्थित झाला होता आणि फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर त्याचे चालते उत्तरही करून दाखवले होते. मात्र सर्वसामान्य ग्राहकाला हे सुख पैसे मोजून विकत घेता यावे, यासाठी १९५१ ची क्रायस्लर इंपीरियल बाजारात यावी लागली. दाबाखालील तेलाच्या जोरावर चाके वळवणाऱ्या या व्यवस्थेस पॉवर स्टिअरिंग म्हणतात. तिने चालकाचे खांदे वाचवले हे निर्विवाद आहे. पण त्या उपकाराच्या बदल्यात गॅरेजच्या फरशीवर तिने जो कायमचा हक्क सांगितला, त्याची नोंद विक्रीच्या माहितीपत्रकांत सहसा आढळत नाही.

या हक्काचा अभ्यास करण्यासाठी १९६५ ची फोर्ड मस्टँग हे जवळजवळ आदर्श उदाहरण ठरते. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात अवतरलेल्या या गाडीत पॉवर स्टिअरिंग जादा पैसे भरणाऱ्यालाच मिळत असे, आणि म्हणूनच ते मूळ यंत्रणेच्या पोटात न बसवता घरजावयाप्रमाणे बाहेरून आणून शेजारी नांदवलेले होते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. ते तेल चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरील नियंत्रक व्हॉल्व्हकडे जाते. चालक कोणत्या दिशेला वळू इच्छितो हे तो व्हॉल्व्ह ओळखतो आणि एका सिलिंडरच्या योग्य बाजूला तेल धाडतो. मग तो सिलिंडर दांड्याला त्या दिशेने रेटतो. या सर्व देवघेवीसाठी चार नळ्या आणि त्यांची आठ टोके लागतात, त्यांतील बहुतेक गाडीच्या तळाशी चिखल, खडी आणि उष्णता यांच्या सहवासात असतात, आणि व्हॉल्व्ह स्वतः दांड्यासोबत सतत डावीउजवीकडे सरकत असतो. इतकी सोय करून दिल्यावर तेल गळले नसते, तरच संशोधनाचा विषय झाला असता.

थेंब जेथे पडतो तेथेच तेल गळते, असा मालकवर्गाचा दृढ समज असतो. वस्तुस्थिती मात्र ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी असते, कारण सांध्यातून निसटलेले तेल नळीच्या अंगावरून ओघळत, वाऱ्याने मागे ढकलले जात, अखेर ज्या बोल्टाच्या टोकाला लोंबकळते त्या बोल्टाचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसतो. त्यातच त्या काळच्या फोर्ड गाड्यांत पॉवर स्टिअरिंगसाठी स्वयंचलित गिअरबॉक्सचेच तांबडे तेल वापरीत असल्यामुळे रंगावरून आरोपी ओळखण्याचा मार्गही बंद होतो. परिणामी चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायाने प्रथम पंप बदलला जातो, मग नळ्या बदलल्या जातात, आणि थेंब पूर्ववत पडत राहतो. याला खरा उपाय फारसा भपकेदार नाही: सारा तळ धुऊन कोरडा करावा, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन चालू ठेवून घरातील एखाद्या सहनशील व्यक्तीला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत कापायला सांगावे आणि पांढऱ्या पावडरीवर पहिला तांबडा डाग कोठे उमटतो ते पाहावे. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर तेलाचा दाब दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात जाऊ शकतो, टायरमधील हवेचा दाब मात्र तिशीच्या आसपास असतो. त्यामुळे गळती बोटाने चाचपून पाहण्याचा मोह आवरावा, कारण बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरू शकते. चाचपणी पुठ्ठ्याच्या तुकड्याने करावी. पुठ्ठ्याला टाके घालावे लागत नाहीत.

सांधा सापडल्यानंतर मानवी स्वभावाचा खरा अध्याय सुरू होतो, आणि त्याचे नाव ‘अजून थोडे घट्ट’ असे आहे. नट जितका आवळावा तितकी गळती कमी, ही श्रद्धा बहुधा गळतीइतकीच जुनी असावी. पण या सांध्याची रचनाच तिच्या विरोधात आहे. धातूच्या नळीचे टोक कर्ण्यासारखे फुलवलेले असते, त्याला फ्लेअर म्हणतात. ते टोक व्हॉल्व्हमधील शंकूच्या आकाराच्या पितळी बैठकीवर जाऊन टेकते, आणि तेल अडवण्याचे काम हे दोन उतार एकमेकांशी जेथे नेमके जुळतात तेथेच होते. आटे केवळ दोघांना एकत्र दाबून धरतात, तेलाशी त्यांचा काही व्यवहार नसतो. म्हणून आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळणे म्हणजे ज्या वाटेने कोणी येतच नाही तेथे पहारेकरी उभा करणे होय, शिवाय त्या टेपचा एखादा धागा सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकला की गळतीच्या जोडीला दुसरेही दुखणे मिळते. बैठकीवर ओरखडा असेल किंवा फ्लेअरला चीर गेली असेल, तर अधिक आवळल्याने मऊ पितळ आणखी चेपते, आणि लांब दांड्याच्या पान्याने प्राप्त झालेला आत्मविश्वास नटाचे कोपरे गोल करूनच शांत होतो. साधा दुतोंडी पाना नटाला केवळ दोन बाजूंनी धरत असल्याने हे कोपरे जाणे जवळजवळ ठरलेलेच असते. नळीवरून सरकवता यावा म्हणून एका बाजूने चिरलेला रिंग पाना यासाठीच निर्माण झाला असून, बहुतेक मालक तो कोपरे गोल झाल्यानंतरच्या आठवड्यात विकत घेतात.

बाजारातील सुट्या भागांनीही या श्रद्धेची परीक्षा पाहण्याचे ठरवलेले दिसते. मोटारींत सामान्यतः ४५ अंशांचा फ्लेअर वापरतात, तर विमानविद्येतून शर्यतीच्या गाड्यांकडे आलेल्या जोडण्यांचा कोन ३७ अंशांचा असतो. काही मापांत दोन्हींचे आटे तंतोतंत जुळत असल्यामुळे नट अतिशय प्रेमाने आत फिरत जातो, शेवटपर्यंत घट्ट बसतो आणि तरीही गळतो. पत्रिका जुळल्या पण स्वभाव जुळला नाही, असा हा प्रकार म्हणता येईल. योग्य दुरुस्ती कंटाळवाणी वाटावी इतकी सरळ आहे: फ्लेअर बिघडला असेल तर नळी नवी घ्यावी, बैठक खराब असेल तर तिला आतून आटे पाडून, बोल्टाच्या साहाय्याने ओढून काढून नवी बसवावी, नट प्रथम हातानेच फिरवावा, आणि उतारावर उतार टेकल्यावर पान्याने बेताचाच जोर द्यावा.

त्यानंतर पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांना नेत राहावे, म्हणजे तेलात कोंडलेली हवा निघते. ती घाईने काढू पाहणाऱ्याला पंप कण्हून आणि तेलाला फेस आणून उत्तर देतो. हे सर्व यथासांग पार पडले की सांधा खरोखर कोरडा राहतो. मात्र धुऊन लख्ख झालेल्या त्या तळावर दुसऱ्याच दिवशी थोडा मागच्या बाजूला तेवढाच तांबडा थेंब लोंबताना दिसतो, कारण इतकी वर्षे स्टिअरिंगच्या बदनामीआड निर्धास्तपणे गळत आलेल्या गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनच्या गॅस्केटला आता लपायला जागा उरलेली नसते. आणि तोवर मालक पॅनचे बोल्ट ‘अजून थोडे घट्ट’ करण्यासाठी लांब दांड्याचा पाना घेऊन गाडीखाली शिरलेला असतो.